आत आलेली हवा जाते कुठे?

नव्वदच्या दशकात जागतिक रॅली स्पर्धेत दोन जपानी गाड्यांची जुंपलेली असायची: सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन. दोघींच्याही बोनेटला भोक. बघणाऱ्याला वाटायचं, एकीनं दुसरीची नक्कल केली. प्रत्यक्षात या दोन भोकांचं काम एकमेकांच्या अगदी उलट आहे. इम्प्रेझाचा इंटरकूलर (टर्बोतून तापून आलेली हवा गार करणारा भाग) इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला, म्हणून तिच्या बोनेटवरचं नाकाड पुढे तोंड करून हवा आत घेतं. इव्होचा इंटरकूलर पुढे बंपरमागे. तिच्या बोनेटवरची जाळी हवा घेत नाही, रेडिएटरमधून तापून आलेली हवा बाहेर सोडते.

आपल्या रस्त्यांवर यातलं पहिलं उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पहिल्या पिढीची तीन लिटर डिझेल फॉर्च्युनर आठवा. तिच्या बोनेटवर उचललेलं ते तोंड सुबारूच्याच जातीचं, खाली बसलेल्या इंटरकूलरला वारा घालणारं. ते पाहून आपल्या हॅचबॅकवर दुहेरी टेपनं प्लास्टिकचं तोंड चिकटवून घेणारे पुष्कळ. त्या तोंडामागे सलग पत्रा असतो, त्यामुळे ते काही करत नाही. निदान बिघडवत तरी नाही. बिघडतं ते पुढच्या पायरीवर, जेव्हा कुणी उत्साहानं त्यामागचा पत्राही कापून घेतो आणि ‘आता इंजिन थंड राहील’ म्हणतो. त्याच्या इंजिनाला हवा कमी पडतच नव्हती. पडत असलीच, तर ती बाहेर जायला वाट कमी पडत होती.

या प्रकरणात आपण पाहणार आहोत ती सोडणारी भोकं. आधी थोडा हिशेब. इंजिनात जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांशच कामाला येते. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे धुरासोबत जाते आणि जवळपास तेवढीच कूलंटमध्ये उतरून रेडिएटरपर्यंत पोचते. समजा, रेडिएटरला ५० किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची आहे, आणि त्यातून जाणारी हवा ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापते आहे. मग दर सेकंदाला सुमारे एक किलो हवा लागेल. एक किलो ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३० अंशांची एक किलो हवा म्हणजे जवळजवळ ८६० लिटर. तीच तापून ८० अंशांची झाली की फुगून हजार लिटर होते. म्हणजे जाळीतून जितकी हवा आत आली, त्याहून जास्त जागा व्यापणारी हवा बोनेटखालून बाहेर काढायची आहे, आणि तीही दर सेकंदाला.

साध्या गाडीत ती कुठून जाते? इंजिन, गिअरबॉक्स, पाइप, वायरी यांच्या खाचाखोचांतून वाट काढत खाली, गाडीच्या पोटाखाली. वाट अडचणीची असते, म्हणून बोनेटखाली दाब साठतो. मागची खिडकी बंद असली की समोरच्या खिडकीतून वाराही येत नाही, हे चाळीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इथेही तेच: बोनेटखालचा दाब वाढला की रेडिएटरच्या पुढचा आणि मागचा दाब जवळ जवळ येतात, आणि हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी त्याच्या कडांनी पळते. जाळी मोठी करून, आणखी एक पंखा लावून फरक पडत नाही तो यामुळे. शिवाय पोटाखाली ओतलेली ती गरम हवा गाडीचं नाक वर उचलायला हातभार लावते. शंभरच्या वेगात ते जाणवत नाही, दोनशेत जाणवतं.

तरीही रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीला हे सगळं पुरेसं असतं. भर उन्हात, एसी चालू ठेवून, पूर्ण भार घेऊन घाट चढायची परीक्षा कंपनीनं आधीच घेतलेली असते. अशी गाडी खंबाटकी घाटात उकळली तर दोष बोनेटचा नसतो. तो कुठे असतो, ते पुढे येईलच.

बोनेटला भोकं पाडायची खरी गरज पडते ती गाडी तिच्या मूळ कामापलीकडे नेल्यावर. याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८९ साली आलेली मझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात. छोटी, हलकी, दोन माणसांची उघडी गाडी, सुरुवातीला १.६ लिटरचं इंजिन आणि जेमतेम ११५ अश्वशक्ती. शनिवार-रविवारी ट्रॅकवर पळवायला याहून स्वस्त आणि मजेदार गाडी क्वचितच सापडेल, म्हणून हौशी मंडळींनी तिला टर्बो बसवले आणि ताकद दुप्पट केली. रेडिएटर मात्र त्याच अरुंद नाकाडामागे. वीस मिनिटांच्या फेरीत काटा लाल पट्टीकडे सरकायला लागे.

मियाटाची गंमत अशी की तिची खोड फक्त हवेत नाही, पाण्यातही आहे. तिचं इंजिन मूळचं मझदा ३२३ या आडव्या इंजिनाच्या गाडीतलं. तिथे कूलंट एका टोकानं आत शिरून दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं. मियाटात इंजिन उभं बसवलं तेव्हा मागे फायरवॉलपाशी जागा नव्हती, म्हणून बाहेर पडायची वाटही पुढेच आणली, जिथून पाणी आत शिरतं त्याच बाजूला. परिणामी मागच्या सिलिंडरपाशी पाणी मंद फिरतं आणि तो जास्त तापतो. जाणते लोक म्हणून आधी पाण्याची वाट बदलतात, कूलंट पुन्हा मागून काढतात, आणि मग बोनेटकडे वळतात. आणखी एक अनुभव या गाडीनं अनेकांना दिला: खालचं प्लास्टिकचं आवरण ‘हवा खेळती राहील’ म्हणून काढून टाकलं, तर गाडी जास्त तापते. ते आवरण हवा अडवत नव्हतं. पोटाखालचा वेगवान वारा आत घुसून दाब वाढवू नये, याची काळजी ते घेत होतं.

आता मुख्य प्रश्न, भोक कुठे पाडायचं. बहुतेक फसगत इथेच होते, कारण उत्तर डोळ्यांना दिसत नाही. गाडी पळत असताना समोरच्या जाळीवर आणि बंपरवर हवा आदळून थांबते, तिथे दाब सर्वात जास्त. मग ती बोनेटच्या पुढच्या कडेवरून वळून वर चढते. वळताना तिचा वेग वाढतो आणि दाब पडतो, आजूबाजूच्या वातावरणापेक्षाही खाली. बोनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात हा कमी दाबाचा पट्टा असतो. जसजसं मागे जावं तसतसा दाब पुन्हा चढत जातो आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी, जिथे वायपर असतात, तिथे हवा काचेवर आपटून परत दाटते. म्हणजे एकाच बोनेटच्या पुढच्या भागात भोक पाडलं तर हवा बाहेर खेचली जाईल, आणि काचेजवळ पाडलं तर उलटी आत शिरेल.

हे काही पुस्तकी तर्कट नाही. १९६९च्या शेव्हरले कॅमॅरोला मिळणाऱ्या खास बोनेटचं तोंड मुद्दाम मागे, काचेकडे केलेलं होतं. काचेपाशी दाटलेली हवा कार्बुरेटरला पाजायला. पण बोनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली दोन-दोन वॉशर टाकून मागची कड उचलायची आणि ‘गरम हवा निघून जाते’ असं म्हणायचं, ही चाल आजही जगभर चालते. सिग्नलला उभं असताना निघतेही, कारण गरम हवा वर जाते. गाडी पळायला लागली की त्याच फटीतून हवा आत येते, बोनेटखालचा दाब वाढवते आणि रेडिएटरचा श्वास आणखी कोंडते. वर आणखी एक भेट: काचेच्या पायथ्याशीच केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी असते. तापलेल्या तेलाचा आणि रबराचा वास थेट नाकात.

अंदाज बांधण्याऐवजी मोजता येतं, आणि तेही पन्नास-शंभर रुपयांत. ऑस्ट्रेलियन लेखक ज्युलियन एडगर यांनी रस्त्यावरच्या गाडीचा दाब आपला आपण मोजण्याची ही वाट बरीच लोकप्रिय केली. ते दाब मोजायला काटेवालं मापक वापरतात. आपल्याला मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी चालते. ती इंग्रजी ‘यू’ आकारात एका फळीवर बांधा, मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवा आणि शाई घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. एका टोकाला लांब नळी जोडून ती बोनेटखाली रेडिएटरच्या मागे सोडा, पंख्याच्या थेट झोतापासून बाजूला. दुसरं टोक बोनेटवर, जिथे भोक पाडायचा विचार आहे तिथे. वरच्या टोकाला मात्र नुसती नळी टेकवून चालत नाही. मध्ये बारीक भोक असलेली पातळ चकती लावून, तिच्या कडा टेपनं सपाट करून घ्याव्या लागतात. नाहीतर नळीच्या टोकाला अडून वारा स्वतःच खोटा दाब तयार करतो.

गाडी दुसऱ्यानं चालवायची आणि आपण मांडीवरच्या पट्टीकडे बघायचं. बोनेटखालच्या नळीतलं पाणी खाली दबलं आणि वरच्या नळीतलं चढलं, तर त्या जागी भोक पाडल्यावर हवा बाहेर पडेल. उलट झालं तर ती जागा सोडून द्या. किती फरक दिसेल याचा अंदाज हवा असेल तर हे लक्षात ठेवा: ताशी १०० किलोमीटरला समोरून आदळणारी हवा पूर्ण थांबली तर साधारण ४७ मिलिमीटर पाण्याइतका दाब देते, ५० ला फक्त १२. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आपल्या हाती लागणारा फरक यातला एक हिस्साच असणार. म्हणून वीसच्या वेगात कॉलनीत फिरून केलेली चाचणी काही सांगत नाही. बोनेटवर लोकरीचे तुकडे चिकटवून त्यांचं चित्रीकरण करण्याचीही पद्धत आहे. त्यातून हवा कुठे सुरळीत वाहते आणि कुठे गिरक्या घेते ते छान दिसतं, दाब मात्र कळत नाही. नळी आणि लोकर दोन्ही वापरावं. ही दुपारभराची मेहनत न करता ग्राइंडर हातात घेणाऱ्याचं मला कधीच कौतुक वाटलं नाही, त्याचं काम कितीही सफाईदार असो.

या विषयातली सर्वात देखणी करामत मोटारीतली नाही, विमानातली आहे. इंग्लंडमध्ये फार्नबरो इथे काम करणाऱ्या फ्रेडरिक मेरेडिथ यांनी १९३५च्या सुमारास दाखवून दिलं की रेडिएटरला बोगद्यात बसवून, आधी हवा मंद करून, मग तापलेली आणि फुगलेली हवा चिंचोळ्या तोंडानं मागे सोडली, तर रेडिएटरचा अडथळा बराचसा भरून काढता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखाली जो फुगवटा दिसतो तो याच विचाराचा. रेसिंग गाड्यांत रेडिएटर तिरका झुकवून त्यामागून थेट बोनेटच्या वर निघणारा बंद बोगदा करतात. हवा इंजिनाला शिवतही नाही. फोर्ड जीटी ४० च्या नाकावर रेडिएटरची हवा बाहेर सोडणारी तोंडं होती, आणि अलीकडच्या ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ जीटी३च्या बोनेटवरच्या दोन नाकपुड्या तेच काम करतात. हौशी माणसाला असा पूर्ण बोगदा जमला तर उत्तमच. पण रोजच्या गाडीत त्याला जागा सापडत नाही, म्हणून साध्या झडपांवर भागवावं लागतं.

झडपांचा इतिहास मोटारीइतकाच जुना. दोन महायुद्धांदरम्यानच्या बुगाटी आणि बेंटलीच्या बोनेटवर चिरांच्या रांगा दिसतात. १९६१ची जॅग्वार ई-टाइप पाहा: तिच्या लांबलचक बोनेटवरच्या झडपा सुरुवातीच्या गाड्यांत वेगळ्या करून जोडलेल्या होत्या, नंतर त्या पत्र्यातच दाबून काढायला लागले. अशा झडपेचं तोंड मागे असतं, म्हणजे वरून वाहणारी हवा आत न घुसता तिच्यावरून निसटते आणि खालची हवा सोबत ओढते. भोक सपाट ठेवायचं असेल तर त्याच्या पुढच्या कडेला दहा-पंधरा मिलिमीटरची उभी पट्टी लावतात. त्या पट्टीमागे दाब पडतो आणि ओढ वाढते. पंखावरच्या अशाच बारक्या पट्टीला शर्यतपटू डॅन गर्नी यांचं नाव आहे. त्यांनी ती १९७१ मध्ये वापरली आणि क्षुल्लक दिसणारी ती गोष्ट पुढे सगळीकडे गेली. एक चूक मात्र टाळावी. नाका डक्ट नावाचं ते त्रिकोणी, मागे रुंद होत जाणारं खोलगट तोंड दिसायला झकास. पण १९४५च्या सुमारास अमेरिकन विमान संशोधकांनी ते हवा आत घेण्यासाठी घडवलं. सोडण्यासाठी ते उलटं फिरवून लावलं, तर तो नुसता दागिना.

आकार ठरला, जागा ठरली, की पत्र्याशी गाठ. वरून एक सलग चादर दिसणारं बोनेट खरं तर दोन पत्र्यांचं असतं. वरचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ, आणि खाली फासळ्यांसारखी चौकट, जी त्याला ताठ ठेवते. ती चौकट वरून दिसत नाही. त्यामुळे आधी बोनेट उलटं करून, आतलं उष्णतारोधक अस्तर काढून, फासळ्या खडूनं वरच्या बाजूला आखून घ्यायच्या आणि भोक त्यांच्या मधल्या जागेत बसवायचं. लॉकपासून बिजागऱ्यांकडे जाणाऱ्या फासळ्यांना हात लावायचा नाही. त्या कापल्या तर ताशी १२० ला बोनेट थरथरायला लागतं, आणि एक दिवस लॉकपाशी तडा जाऊन काचेवर उलटतं. ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर कापकाम झाल्यावर वरून बोनेट पिना लावाव्याच.

कापलेली कड तशीच सोडणारा डेंटर भेटला तर काम त्याच्याकडून काढून घ्या. कड घासून, आत वळवून, प्रायमर आणि रंग मारल्याशिवाय कोकणातला एक पावसाळा ती गंजून फुगायला पुरेसा आहे. लांबीचा थर देऊन कड ‘दिसायला’ नीट करणारे बरेच. बोनेट तापतं, गार होतं, रोज आपटलं जातं. लांबी तडकते आणि खपल्या धरून निघते.

पावसाचं प्रकरण एवढ्यावर संपत नाही. झडपेच्या थेट खाली काय आहे, ते पाहिल्याशिवाय जागा कायम करू नये. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड यातलं काहीही खाली नको. विशेष सावध राहायचं ते प्लगवरच्या कॉइलबाबत. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत प्लग खोल विहिरीत बसतात. वरून ठिबकलेलं पाणी त्या विहिरीत साठलं की इंजिन एका सिलिंडरवर अडखळतं आणि प्लग गंजून जागेवर चिकटतो. यावर उपाय म्हणजे झडपेखाली उतारावर बसवलेली पन्हळ, जी पाणी बाजूला नेऊन खाली सोडते. ती हवेची वाट थोडी अडवते, पण जूनमध्ये तिची किंमत कळते. पावसाळ्यापुरती झडप बंद करायला अॅल्युमिनियमची झाकणं स्क्रूनं लावण्याची सोय ठेवली तर आणखी चांगलं.

आता खंबाटकीत उकळलेल्या गाडीकडे वळू. तिच्यात बोनेटआधी बघण्यासारख्या चार गोष्टी असतात आणि त्या सगळ्या स्वस्त असतात. रेडिएटरच्या पंखांत अडकलेले किडे, माती आणि पाला. नुसतं पाणी भरत राहिल्यानं पोटात साचलेला गंज. सैल झालेली कॅप, जिच्यामुळे दाब टिकत नाही. आणि दाब टिकला नाही तर जे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळलं असतं ते शंभरालाच उकळतं. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला देणारे मेकॅनिक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंडीत धड तापत नाही, जास्त इंधन खातं, आणि घाटातल्या खऱ्या दोषाला कुणी हात लावलेलाच नसतो. या सगळ्यानंतर पाहायचं ते रेडिएटरच्या चारही कडा. जाळी आणि रेडिएटर यांच्यामधली फट फोमनं किंवा पातळ पत्र्यानं बंद केली की हवेला आडवाटेनं पळता येत नाही. पुष्कळ गाड्यांत एवढ्यावर काटा खाली येतो, आणि पत्रा कापायचा खर्च वाचतो.

कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील आणि कंपनीचं मूळ वर्णन यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय आजचं बोनेट धडकेत पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर दबलं जावं, अशा बेतानं घडवलेलं असतं. एआयएस-१०० हे भारतीय मानक त्याच परीक्षेचं आहे. त्या जागी उभी पट्टी आणि धारदार कड आणणं म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या वाट्याचं संरक्षण कमी करणं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मला हा सौदा मुळीच पटत नाही. ट्रॅकसाठी गाडी वेगळी ठेवली असेल तर गोष्ट निराळी.

तेव्हा हौस ट्रॅकची असेल तर मूळ बोनेटला हात लावू नका. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत आपल्या मॉडेलचं एखादं पोचे गेलेलं बोनेट शोधा, नळीनं दाब मोजून घ्या आणि काय कापायचं ते त्यावर कापा. बोनेट बहुतेक गाड्यांत बिजागऱ्यांवरच्या चार बोल्टांवर बसतं. सोबतीला एक माणूस असला की अर्ध्या तासात बदलता येतं, आणि सोमवारी सकाळी गाडी पुन्हा कंपनीच्या रूपात ऑफिसला नेता येते.